आईची काही चूक नव्हती

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होईल, वाचा.

आईला परवा चिपळूणला मावशीकडे जायचंय. वय ६९. एरवी तिकीट मी काढते. या वेळी म्हणाली, "माझं मी काढते, तू नुसती शेजारी बस." बसले. सीट निवडली, नाव-वय भरलं, ओटीपी टाकला, पैसे गेले. चेहरा असा खुलला होता! मग मेसेज आला. तिकिटावर २९९ रुपये जास्त. कसलीशी मेंबरशिप.

वेबसाइटवर पैसे भरण्याआधीच्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केशरी बटण होतं, ते तिने दाबलं. त्याच्या खाली फिकट करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत "मेंबरशिपशिवाय पुढे जा". तिला ते दिसलं नाही. शेजारी बसून मलाही दिसलं नाही, आणि मी १२ वर्षं वेबसाइटची पानं मांडण्याचंच काम करते.

आई काय म्हणाली? "मला मेलीला यातलं काही कळत नाही."

तिथे माझी सटकली. अगं आई, तुला नीट कळलं. पानाने जिकडे बघायला सांगितलं तिकडे तू बघितलंस!

माणसाची नजर पानावर कुठे जाणार, हे मांडणाऱ्याला आधीच माहीत असतं. मोठं आधी दिसतं, गडद आधी दिसतं, भोवती मोकळी जागा सोडलेलं आधी दिसतं. मजकुराचं पान लोक कसं चाळतात, हे नील्सन नॉर्मन ग्रुपने (लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारी कंपनी) २००६ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवलं होतं. वरची ओळ आडवी, थोडं खाली आणखी एक अर्धवट आडवी, मग डाव्या कडेने सरळ खाली. इंग्रजी 'एफ'सारखं. साध्या आकाराच्या अक्षरांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा, हे तर आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला माहीत असतं. त्या करड्या ओळीचा मी रात्री मोजला. २.३ : १. चुकून होतं का हे?

हीच आई भिंतीवरच्या कालनिर्णयात तारीख चष्म्याशिवाय बघते. आकडा ठसठशीत, सुट्टी लाल, तिथी-नक्षत्र खाली बारीक. ज्याला जेवढं हवं तेवढं त्याने जवळ जाऊन वाचावं. १९७३ पासून घराघरात चाललंय, कोणाला शिकवावं लागलं नाही. एसटीची पाटी घ्या. गावाचं नाव मोठं, 'मार्गे' बारीक. गर्दीत, हातात पिशव्या असताना, लांबूनच आईला कळतं आपली गाडी कुठली. नजर वळवणं वाईट नाहीच हो. माणूस ज्यासाठी आलाय तिकडे वळवा ना!

कंपनीला पैसे मिळवायचे असतात, मान्य. किराणावालाही बरण्या पुढे मांडतो. पण तो न विचारता पिशवीत बिस्किटं टाकत नाही.

आणि याला नियम नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी दिलेत. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं त्यात आहे. एक गोष्ट ठळक करून कामाची गोष्ट झाकणंही आहे. आईचं पान दोन्हीत बसतं.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे सगळं खोटं होईल. मीटिंगमध्ये "ते 'नको' जरा मागे ढकल ना" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. सहा वर्षांपूर्वी एकदा ढकललंही. बटण केशरी नव्हतं, हिरवं होतं, एवढाच फरक. तेव्हा आकडे वाढले म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी खूश झाले. त्या आकड्यांत कोणाकोणाची आई होती, हा विचार आज पहिल्यांदा आला. दुपारपासून तो जात नाहीये.

पैसे परत मागितलेत. तक्रारीचा दुवा पानाच्या अगदी तळाशी, तोही करडाच. मिळतील तेव्हा मिळतील. माझ्या हाताखाली दोन मुली काम करतात, त्यांना उद्या हेच पान उघडून दाखवणार आहे.

आईने मघाशी वहीचं पान फाडून तिकीट उतरवून घेतलं, मोबाइलवर आता तिचा भरवसा नाही. वर मध्यभागी, दोनदा गिरवून, सीट नंबर १४. खाली पहाटे ५:३०, स्वारगेट. बाकी सगळं तळाला, बारीक अक्षरात.