कुंडलिकेचं राफ्टिंग: ‘नदीचं काय बिघडतंय?’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रायगडमधल्या कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग, म्हणजे रबरी होडीतून सफर, चालतं. तिथल्या काठाची देखरेख ग्रामपंचायतीने करावी असा विषय निघाला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होतो. राफ्टला ना इंजिन ना धूर, मग नदीचं काय बिघडतंय? पाणी धरणातलं, गावाचा संबंध काय? पर्यटक स्वतः सही करून जोखीम घेतो. आणि ग्रामपंचायत मधे पडली की वसुली सुरू, पोरांचा रोजगार बंद.

यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तर पटतो. रबरी राफ्टने वाहत्या पाण्याचं फारसं वाकडं होत नाही. पण राफ्ट काही आभाळातून नदीत पडत नाही. ती टेम्पोतून काठावर उतरते, सहा-आठ जण ती उचलतात, कंटाळा आला की सरळ फरफटत नेतात. जिथे बाहेर काढतात तिथेही तेच, आणि रोज त्याच उतारावरून. आधी गवत जातं. मग माती दबून इतकी घट्ट होते की पाणी मुरत नाही, पहिल्या सरीपासून वरचा थर धुऊन निघतो. करंज-उंबराची मुळं उघडी पडतात, कडेची शेरणीची झुडपं तुडवली जातात. काठ धरून ठेवतात ती हीच मुळं. उन्हाळ्यात जागा नुसती बोडकी दिसते, जुलैच्या पुरात काठ तिथूनच ढासळायला लागतो.

काठावरच्या तंबूंबद्दल तर हा मजकूर चकार शब्द काढत नाही. शेकोट्या, जेवणावळी, सांडपाण्याचे शोषखड्डे, सगळं नदीला खेटून. 2015 मध्ये पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने उत्तराखंडातल्या कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात राफ्टिंग चालू ठेवू दिलं, पण गंगाकाठच्या तंबूंना नियम ठरेपर्यंत मनाई केली. लवादाने बोट ठेवलं ते काठावर.

आता धरणाच्या पाण्याचं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात वीज तयार करून खाली कुंडलिकेत येतं आणि त्यावरच राफ्टिंग चालतं, हे खरंच. पण ते किती, कधी सुटेल हे वीजनिर्मितीवर ठरतं. पाणी चढतं तेव्हा खाली कपडे धुणारी, गळ टाकून बसलेली माणसं गावचीच असतात. व्यवसायाची नोंदणी राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे होते. परवाना देणं पंचायतीचं काम नाही, तसा आग्रहही नाही. पण संचालनालयाचा माणूस रोज सकाळी काठावर येऊन उभा राहणार आहे का? जलव्यवस्थापन आणि मृदसंधारण हे राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांपैकी आहेत, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येणारे. काठ त्यात बसतो.

सहीचं म्हणाल तर सही पर्यटक करतो, काठ करत नाही. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, हे त्या फॉर्ममध्ये कोणी समजावत नाही. गाइडला ते ठाऊक असतं. म्हणूनच पाण्यात पडलात तर उभं राहू नका, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून उताणे तरंगा, असं तो बजावतो. असा गाइड प्रत्येक राफ्टवर आहे का, हे कोणीतरी पाहायला हवं.

वसुलीची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे नियम म्हटला की खिसा आठवतो. त्यावर उपाय साधा आहे: शुल्काचा दर फलकावर, पैसे पावतीवर, हिशेब ग्रामसभेत, आणि खर्च फक्त काठावर. उतरायच्या-चढायच्या जागा ठरलेल्या, तिथे दगडी पायऱ्या, बाकीच्या काठाला कुंपण आणि झाडं.

राहिला रोजगार. जून 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने राज्यातलं राफ्टिंगच थांबवलं, कारण सरकारकडे त्यासाठी धड धोरण नव्हतं. ते ठरेपर्यंत गाइडांना घरी बसावं लागलं. कोलाडच्या पोरांवर ती वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर फॉरवर्ड करणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेला यावं आणि पायऱ्या कुठे बांधायच्या ते सांगावं.