शाई जुन्या पद्धतीची, म्हणून लिखाण जुनं नव्हे

‘येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेला पपायरस शाईच्या तपासणीत अस्सल ठरला’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

पपायरस म्हणजे प्राचीन इजिप्तमधला, पाणवनस्पतीपासून बनवलेला कागद. कॉप्टिक भाषेतला (इजिप्तमधल्या जुन्या ख्रिश्चनांची भाषा) हा तुकडा हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक कॅरेन किंग यांनी २०१२ मध्ये जाहीर केला. पुढे त्याच्या शाईवर लेझर टाकून रामन पद्धतीने (होय, आपल्या सी. व्ही. रामन यांचीच; परतणाऱ्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची) तपासणी झाली. शाई काजळीची निघाली, आपल्या जुन्या पोथ्यांसारखी. पण काजळी आणि डिंक आजही कुणीही खलू शकतो! शाई कशाची ते कळलं. ती कधी लावली, ते त्यातून सिद्ध झालं नाही. वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीने सातवं-आठवं शतक दाखवलं, तेही पपायरसचं, अक्षरांचं नव्हे.

बिंग फुटलं ते याच्यासोबत आलेल्या, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तुकड्यामुळे. अक्षर त्याच हाताचं, आणि मजकूर १९२४ मध्ये छापलेल्या एका कॉप्टिक हस्तलिखितातून एकाआड एक ओळ उचललेला. ओळी तुटतात त्यासुद्धा तिथेच. २०१६ मध्ये मूळ मालकाविषयीची शोधपत्रकारिता प्रसिद्ध झाल्यावर किंग यांनीही पुरावे बनावटपणाकडेच झुकतात हे मान्य केलं.