पांढरी पाचच्या जरासे वर

बेळगावच्या टिळकवाडीतला एक मुलगा नोकरीसाठी बेंगळूरला निघाला आणि जाताना त्याने आपली इलेक्ट्रिक गिटार, ‘थोडं वायरिंगचं काम आहे, बाकी सगळं ओके’ एवढ्या एका वाक्यासह, साडेतीन हजार रुपयांना माझ्या गळ्यात बांधली. जुन्या वस्तूच्या व्यवहारात ‘थोडं’ आणि ‘बाकी’ या शब्दांचे अर्थ विकणारा आणि घेणारा निरनिराळ्या शब्दकोशांत पाहतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. आमच्या घरी स्कूटरही याच वाक्यावर बसून आली होती.

गिटार म्हणजे १९५४ साली अमेरिकेत निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरची स्वस्त नक्कल होती: तारांचे कंपन विजेत बदलणारे तीन पिकअप, तीन नॉब आणि पाच खाचांचा एक स्विच. वरची प्लास्टिकची पाटी उघडली, तेव्हा आत वायरींचा असा गुंता दिसला की पाटी पुन्हा झाकून ठेवण्याचा मोह झाला. पिकअपमध्ये सहा चुंबकी खुंट्यांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. मल्टिमीटरवर दोन पिकअपनी सहा किलोओहमच्या आसपास आकडा दाखवला. तिसऱ्याने, मधल्याने, काहीच दाखवले नाही. तार कुठेतरी तुटली होती.

तार गुंडाळणारा माणूस म्हटल्यावर बेळगावकराला रिवाइंडिंगवालाच आठवतो, म्हणून मी पिकअप रुमालात बांधून उद्यमबागेत गेलो. आयुष्यभर उसाच्या मळ्यांतील पंपांच्या मोटरी भरणाऱ्या त्या गृहस्थांनी तो तळहातावर घेऊन, अत्यंत गंभीरपणे, ‘येष्टु एचपी री?’ (किती हॉर्सपॉवरची हो?) असे कानडीत विचारले. हे गाण्याचे यंत्र आहे, असे मी सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जी काळजी उमटली, ती मी अद्याप विसरलेलो नाही. परंतु त्यांनी भिंग लावले, बाहेरच्या टोकाशी तुटलेला धागा शोधला, एक वेढा सोडवून तो जोडून दिला आणि ‘एवढ्याशा मोटरीचे काय पैसे घ्यायचे’ म्हणून वर चहाही पाजला.

पुढचे सोल्डरिंग मी घरी करायचे ठरवले. नॉबखालच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, पाठीवर अर्थच्या सगळ्या वायरी जोडायच्या असतात आणि ती धातूची पाठ माझ्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सारी उष्णता पिऊन थंडच राहात असे. सोल्डर चिकटण्याऐवजी पाऱ्यासारखे घरंगळून माझ्या मांडीवर येई. अखेर काचकागदाने पाठ घासल्यावर ते धरले, तोवर लुंगीला सात भोके पडली होती.

अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, लावला आणि घरभर ‘घूं’ सुरू झाले. नवल म्हणजे तारांना हात लावला की ते कमी होण्याऐवजी दुप्पट होई. शेजारच्या काकांनी गिटार मिरजेला नेण्याचा सल्ला दिला, कारण तंतुवाद्य कोणतेही असो, त्यांच्या मते त्याचे माहेर मिरज. वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी टाकायला लावले. मी अर्धा किलो मीठ टाकले आणि आत्याकडून स्वयंपाकघरातील मिठाबद्दल बोलणी खाल्ली.

हीच आत्या चौथ्या दिवशी देवघरातून ओरडली, ‘थांब गा, बंद करू नको. सूर बरा लागलाय.’ आणि त्या घूं-घूंवर तिने अभंग सुरू केला. लहानपणी चार वर्षे गाणे शिकलेली ही बाई कानाची पक्की आहे. ‘पांढरी पाचच्या जरासं वर आहे,’ असा निर्णय तिने दिला. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मी तपासून पाहिले, तर आपल्याकडची वीज, जिचे हे घूं, ती पन्नास हर्ट्झची आणि पांढरी पाचचा सर्वांत खालचा खर्ज सुमारे ४९ हर्ट्झचा. आत्याने मल्टिमीटरला हात न लावता मोजमाप केले होते.

दोष सापडला तो पाचव्या दिवशी, आणि तो माझाच होता: जॅकवर, म्हणजे अँपची वायर खोचायच्या भोकाशी, सिग्नलची वायर अर्थच्या जागी आणि अर्थची सिग्नलच्या जागी जोडल्यामुळे तारा स्वतःच अँटेना बनल्या होत्या. वायरी बदलताच घूं बसले. गिटार गाऊ लागली. देवघरातून मात्र ‘तंबोरा कुणी बंद केला?’ अशी चौकशी आली, आणि पुढचे दोन दिवस आमटीत मीठ मोजूनच पडले.

सुदैवाने ही गिटार सिंगल कॉइलची आहे, म्हणजे प्रत्येक पिकअपमध्ये तारेचे एकच वेटोळे, आणि असा पिकअप एकटा असला की थोडे घूं करतोच. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असल्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन पिकअपची घूं एकमेकांना मारते. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या खाचेत ती थोडी उरतेच. तेव्हा आता सकाळी साडेसहाला गिटार देवघराच्या दाराशी उभी असते, अँप मोठा, स्विच पहिल्या खाचेत. दुसरी आणि चौथी खाच माझी, तीही आत्याची पूजा आटोपल्यावर.