सम तारखेचे चित्रपट, विषम तारखेचे वाद

ठाण्यात दुचाकी बाळगणाऱ्याला सम-विषम शिकवावं लागत नाही. आज तारीख कोणती, पाटी रस्त्याच्या कुठल्या बाजूला, एवढं बघून तो गाडी लावतो. तरीही परत येऊन बघावं तर गाडी उचललेली, कारण पाटीखाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलेलं असतं. 'स्टार ट्रेक' या अवकाशयानाच्या अमेरिकी चित्रपटमालिकेच्या चाहत्यांचा नियमही असाच आहे. सम क्रमांकाचा चित्रपट चांगला, विषम क्रमांकाचा टाकाऊ. २, ४, ६, ८ बघा, बाकीचे सोडा. ऐकायला सोपा आणि पाळणाऱ्याची गाडी हमखास उचलून नेणारा.

हा वाद रोज सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये होतो. घालणारे चार-पाच, सोसणारे अख्खा डबा. मी घालणाऱ्यांपैकी आहे, तरी हे टिपण सोसणाऱ्यांसाठी आहे. थोडी माहिती हाताशी असली की माणूस निदान कुठे मान हलवायची आणि कुठे झोपेचं सोंग घ्यायचं हे ठरवू शकतो.

हिशोब असा: नऊ-दहा नंबर फलाटावरून गाडी सुटली की वाशीपर्यंत साधारण अर्धा तास. थिएटरात आलेले चित्रपट १३. म्हणजे एकाच्या वाट्याला सव्वादोन मिनिटं. प्रत्यक्षात दुसरा चित्रपटच ऐरोलीपर्यंतचा वेळ खातो, आणि ऐरोलीला आयटी पार्कवाले उतरले की निम्मे पक्षकार गेले. त्यात सुरुवातीचं एक मिनिट हमखास समोरच्या बाकावर खर्ची पडतं. "ते लाइटच्या तलवारीवालं ना?" नाही हो. ते 'वॉर्स', हे 'ट्रेक'. इथे तलवारी नाहीत, मीटिंगा आहेत. कॅप्टन सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो, प्रत्येकाचं मत विचारतो आणि शेवटी त्याच्या मनात होतं तेच करतो. सोसायटीच्या जनरल बॉडीला गेलेल्या माणसाला ही मालिका समजायला काहीच अडचण नाही.

पहिला चित्रपट १९७९ चा, 'द मोशन पिक्चर'. रॉबर्ट वाइज दिग्दर्शक, लांबी १३२ मिनिटं, खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर. यात 'मोशन' कुठे आहे, हा विनोद चाहते तेव्हापासून करताहेत आणि अजून थकलेले नाहीत. कॅप्टन कर्क एका छोट्या यानातून आपल्या 'एंटरप्राइझ' या मोठ्या यानाला प्रदक्षिणा घालतो, तेवढ्यात पाचेक मिनिटं जातात. कुणी एक शब्द बोलत नाही. फक्त जेरी गोल्डस्मिथचं संगीत. सरावाच्या माणसाचा चहा या वेळात उकळून, गाळून, कपात पडतो. पण ज्याने आपली पहिली गाडी शोरूममधून आणली आहे, तो असा पाच मिनिटं तिच्याभोवती फिरलेलाच असतो. त्याला हा प्रसंग लांब वाटत नाही.

पहिल्याची बाजू घेणाऱ्याकडे एक हुकमाचा एक्का असतो: पर्सिस खंबाटा. मुंबईची मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. ती या चित्रपटात पूर्ण डोकं भादरून वावरते, आणि ते डोकं खरोखर भादरलेलं आहे. हा एक्का पडला की डब्यातल्या ज्येष्ठांची मतं फुकट मिळतात. दुसरं म्हणजे शेवटचं रहस्य. पृथ्वीकडे निघालेली ती महाप्रचंड यंत्रशक्ती स्वतःला 'व्हीजर' म्हणवते, कारण ती मुळात आपलीच 'व्हॉयेजर ६' आणि पाटीवरची मधली अक्षरं माखून गेलीत. पावसाळ्यात चिखल उडालेल्या बसची पाटी वाचून भलत्याच गावाला पोचलेल्या माणसाला यात काही अशक्य वाटत नाही. (खरी 'व्हॉयेजर' याने दोनच. १९७७ ला सुटली.) पहिला बघायचाच असेल तर २००१ ची दिग्दर्शकाने पुन्हा बांधलेली आवृत्ती शोधा, स्पीकर बरे लावा, आणि रविवारी दुपारी जेवणानंतर लावू नका.

दिघा गाव गेलं की खान, म्हणजे कर्कचा जुना वैरी. 'द रॅथ ऑफ खान', १९८२, दिग्दर्शक निकोलस मायर. सम क्रमांकवाल्यांचं हे दैवत. पहिल्याच्या खर्चाने हात पोळलेला, म्हणून हा सव्वा कोटी डॉलरच्या आत केला. काटकसर कशी, तर सुरुवातीच्या प्रसंगातली क्लिंगॉन या शत्रूजमातीची जहाजं पहिल्या चित्रपटातून उचललेली. आणि कर्कच्या यानाची ब्रिज, म्हणजे यान चालवायची खोली, व खानाने पळवलेल्या 'रिलायंट'ची ब्रिज हा एकच सेट, थोडा फिरवून, थोडा बदलून. गडकरी रंगायतनला दुपारच्या नाटकाचा दिवाणखाना रात्रीच्या नाटकात पडदे बदलून वकिलाचं ऑफिस होतो, तसं. त्यामुळेच की काय, इतकं हाडवैर असूनही कर्क आणि खान संपूर्ण चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत. सगळं भांडण पडद्यावरून. तेव्हा चमत्कारिक वाटलं असेल. आता प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच चालतं आणि लिफ्टमध्ये ती दोन माणसं एकमेकांना नमस्कार करतात.

इथे हमखास निघणारे मुद्दे दोन. एक, खानाचं काम करणाऱ्या रिकार्डो माँटलबानची छाती खरी की रबराची. खरी. साठी ओलांडलेला माणूस होता, दिग्दर्शकाने स्वतः सांगितलंय, विषय संपला. दुसरा मुद्दा जास्त अवघड. खान कर्कच्या जुन्या सहकाऱ्याला, चेकॉव्हला, बघताक्षणी ओळखतो. पण खानाची मूळ गोष्ट टीव्ही मालिकेच्या पहिल्या सीझनमधल्या, १९६७ च्या भागातली, आणि चेकॉव्ह मालिकेत आला दुसऱ्या सीझनला. मग ओळखलं कसं? याचं सर्वांत समाधानकारक उत्तर चेकॉव्हचं काम करणाऱ्या वॉल्टर केनिगनेच गमतीत दिलंय: तेव्हा चेकॉव्ह यानावर होता, फक्त संडासात होता आणि त्याने खानाला बाहेर ताटकळत ठेवलं. चाळीत वाढलेल्या माणसाला यापुढे पुरावा लागत नाही. तो चेहरा आयुष्यभर विसरत नाही कुणी.

ऐरोली. डबा मोकळा होतो आणि आता माझी बारी, कारण तिसऱ्याचा वकील मी एकटाच उरतो. 'द सर्च फॉर स्पॉक', १९८४, दिग्दर्शक खुद्द स्पॉक, म्हणजे कर्कच्या त्या जिवलग सहकाऱ्याचं काम करणारा लेनर्ड निमॉय. विषम म्हणून हा वगळतात. पण २, ३ आणि ४ ही एकच गोष्ट आहे, तीन अंकांत. मधला अंक गाळून बघा काय होतं. दुसऱ्याच्या शेवटी स्पॉक मेला, अंत्यविधी झाला, घरातल्यांनी डोळे पुसले. लगेच चौथा लावला तर स्पॉक पांढरा झगा घालून फिरतोय. आई विचारते, "हा तर गेला होता ना?" बाबा विचारतात, "यांचं ते मोठं विमान कुठे गेलं? या भंगारातून का फिरतायत?" सगळी उत्तरं तिसऱ्यात आहेत. 'एंटरप्राइझ' कर्कने स्वतःच्या हाताने उडवून दिली. भंगार जहाज क्लिंगॉनांकडून ढापलेलं. आणि ती क्लिंगॉन भाषा, जिचे नुसते काही उच्चार पहिल्या चित्रपटात होते, तिला व्याकरण मिळालं या चित्रपटासाठी, मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडून. १९८५ ला तिचा शब्दकोशही निघाला. अभिजात दर्जा तेवढा राहिलाय. तिन्ही सलग लावले तर ३३७ मिनिटं, म्हणजे साडेपाच तासांहून थोडं जास्त. स्पॉक मेला की जेवायला उठा, तोवर कुणाला भूक लागत नाही.

रबाळे ते घणसोली हा चौथ्याचा पट्टा. 'द व्हॉयेज होम', १९८६, पुन्हा निमॉय. घरच्यांना आधी हाच दाखवावा. खलनायक नाही, मारामारी नावाला. भविष्यात देवमासे संपलेत म्हणून मंडळी १९८६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन देवमाशांची एक जोडी घेऊन जातात. ऐरोलीहून बोटीने खाडीतले फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या घरात याला पाच मिनिटांत प्रवेश मिळतो.

पण एमआयडीसीतला माणूस डब्यात असेल तर तो देवमासे न्यायला यानाचा इंजिनिअर स्कॉटी जी टाकी करतो तिच्यावर अडतो, आणि त्याला अडू द्यावं. स्कॉटी प्लास्टिकच्या कारखान्यात जाऊन विचारतो: ६० फूट बाय १० फूट पत्रा, मागे १८,००० घनफूट पाणी, जाडी किती लागेल? कारखानदार सांगतो, सहा इंच. स्कॉटी म्हणतो, मी एका इंचात करून दाखवतो, आणि 'पारदर्शक अ‍ॅल्युमिनियम'चं सूत्र त्याच्या हातात ठेवतो. आता मांडा. ६० गुणिले १० झाले ६००. १८,००० ला ६०० ने भागा, रुंदी आली ३० फूट. म्हणजे टाकीचा तळ अठराशे स्क्वेअर फूट. घोडबंदर रोडवरचा ऐसपैस थ्री बीएचके, छत १० फुटांवर, आणि त्यात दोन हंपबॅक देवमासे, चाळीस-पन्नास फुटी. वळायचं झालं तर एकाने किचनमध्ये जायचं. हे अठराशे कार्पेट की सुपर बिल्ट-अप, तेही स्कॉटी बोलत नाही. पाणी किती? १८,००० घनफूट म्हणजे सुमारे पाच लाख दहा हजार लिटर. दहा हजार लिटरचे ५१ टँकर. उन्हाळ्यात एक टँकर वेळेवर येईना म्हणून रात्री गच्चीत उभे राहणारे लोक आम्ही, आम्हाला काळात मागे जाण्यापेक्षा ते ५१ टँकर जास्त अद्भुत वाटतात. शिवाय ही टाकी भरलेली असताना जहाज उडालं, वळलं, हेलकावलं. पाणी एका बाजूला गेलं की काय होतं ते टँकरच्या टाकीला आतून आडव्या भिंती घालणाऱ्या कोणत्याही वेल्डरला विचारा.

पाचवा, 'द फायनल फ्रंटियर', १९८९, दिग्दर्शक कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर. मित्राने केलं, आता मीही करतो, या भावनेतून जगात जे जे होतं ते सगळं यात आहे. त्याच्या नशिबाने लेखकांचा संप आडवा आला, आणि चांगले स्पेशल इफेक्ट करणारी आयएलएम ही कंपनी दुसऱ्या कामांत गुंतलेली निघाली. प्रसिद्ध चूक लिफ्टच्या भुयारातली. वीस-बावीस मजल्यांचं यान, आणि भिंतीवर आकडे चढत चढत ७८ पर्यंत. काही आकडे दोनदा. वर मुळात पहिला मजला सगळ्यात वर असतो, त्यामुळे आकडे उतरायला हवेत. ठाण्याच्या टॉवरमध्ये १२ नंतर १२-ए आणि मग १४ दाबणाऱ्याला या चुकीचं काही वाटत नाही, हा भाग वेगळा. चित्रपटात एकच सोनं आहे. स्वतःला देव म्हणवणारा यान मागतो, आणि कर्क विचारतो की देवाला यान कशाला हवं? एवढ्या एका प्रश्नासाठी १०७ मिनिटं द्यायची का, यावर डब्यात एकमत नाही. मी म्हणतो, द्या, पण इस्त्री करता करता.

सहावा, १९९१, पुन्हा मायर. यात क्लिंगॉनांशी तह, तोंडात शेक्सपिअर असलेला ख्रिस्तोफर प्लमर आणि शेवटी जुन्या मंडळींच्या सह्या. उत्तम आहे. याच्यावर कुणी भांडत नाही, त्यामुळे याला घणसोली स्टेशनसुद्धा पुरं मिळत नाही. सातव्यात (१९९४) कर्क मरतो, आणि ज्या पुलावर मरतो त्याची उंची बघून चाहते अजून हळहळतात. आठवा (१९९६) बोर्गांचा, म्हणजे अर्धी माणसं अर्धी यंत्रं असलेल्या शत्रूंचा, तो सम आहेच, शिवाय खरंच चांगला.

आणि मग दहावा येतो आणि नियमाची गाडी उचलली जाते. 'नेमेसिस', २००२. सम असून पडला, आणि असा पडला की पुढचा यायला सात वर्षं लागली. यावर चाहत्यांनी काढलेली पळवाट एखाद्या सीएला शोभेल अशी आहे. १९९९ ला 'गॅलक्सी क्वेस्ट' नावाचा या मालिकेचीच टर उडवणारा दुसऱ्यांचा चित्रपट आला होता. तो आपल्या खात्यात दहावा म्हणून दाखवायचा. तो चांगला, म्हणजे सम बरोबर. मग 'नेमेसिस' सरकून ११ वा झाला, विषम, वाईट, ताळा जमला. २००९ चा नवा चांगला, तो १२ वा. त्याच्या इंजिनरूमचं चित्रण बिअरच्या कारखान्यात केलंय, आणि रबाळ्याला उतरणारा माणूस ते व्हॉल्व्ह आणि पाइप पहिल्या झटक्यात ओळखतो. २०१३ चा १३ वा, त्यात पुन्हा खान, त्याबद्दल न बोललेलं बरं. २०१६ चा १४ वा, बरा. दुसऱ्याचा माल आपल्या स्टॉकमध्ये दाखवून ताळेबंद जुळला.

नवव्याबद्दल कुणीच बोलत नाही. 'इन्सरेक्शन', १९९८, १०३ मिनिटं. चांगला म्हणणारा सापडत नाही, आणि वाईट म्हणायलाही कथा आठवावी लागते. एक ग्रह, त्याच्या कड्यांतल्या किरणांनी माणूस म्हातारा होत नाही. ते किरण काढून घ्यायचे म्हणून तिथल्या ६०० गावकऱ्यांना गुपचूप दुसरीकडे हलवायचा सरकारी बेत. कॅप्टन आडवा येतो. बस, एवढंच. कोपरखैरणे सुटल्यावर कुणीतरी कर्तव्य म्हणून हे दोन वाक्यांत उरकतो आणि लोक बॅगा काढायला उठतात.

नेमकं तेव्हाच खिडकीपाशी बसलेले, तुर्भ्याला उतरणारे, इथल्याच मूळ गावातले, नवी मुंबईसाठी जमीन गेल्यावर बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन मिळायची वाट बघितलेले एखादे काका पहिल्यांदा तोंड उघडतात.

"सहाशे माणसं गावातून उठवली म्हणता. मग त्यांना साडेबारा टक्के मिळाले का?"