जास्परचे खांब काढून टाकायचे का?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. लंडनच्या सिटी रोडवरच्या वेस्ली चॅपेलवर मी जे लिहिलं, त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात बांधलं ते साधं प्रार्थनाघर, पुढे एकोणिसाव्या शतकातल्या पैसेवाल्यांनी त्यात जास्पर दगडाचे खांब आणि रंगीत काचा घुसडल्या. मग जतन करायचं ते या भपक्याचं कशाला? सगळं उपसा आणि 1778 चं मूळ रूप परत आणा.

वेस्लींबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. गरजेपेक्षा जास्त खर्चाचं प्रार्थनाघर बांधाल तर श्रीमंतांच्या दारात जावं लागेल आणि मग तेच डोक्यावर बसतील, अशी त्यांची ताकीदच होती. 1 नोव्हेंबर 1778 ला हे चॅपेल उघडलं, तेव्हाही ते नीटनेटकं आहे, पण दिमाखदार नाही, असंच त्यांनी रोजनिशीत लिहिलं.

पण तुमचं ‘मूळ रूप’ हातात धरायला गेलं की निसटतं. गॅलरी, म्हणजे वरच्या मजल्यावरची बैठक, पेलणारे पहिले खांब म्हणजे जहाजांच्या डोलकाठ्या. त्या दिल्या कोणी? राजा तिसऱ्या जॉर्जने! म्हणजे साधेपणाचा पुरावा म्हणून तुम्ही ज्या लाकडाकडे बोट दाखवता, तीच राजाची देणगी. आणि ज्याला तुम्ही भपका म्हणता, ते जास्परचे खांब आले परदेशांतल्या मेथडिस्ट मंडळ्यांकडून. दोन्हींपैकी वेस्लींच्या चळवळीच्या जास्त जवळचं कोणतं, हे मला तरी छातीठोकपणे सांगता येणार नाही. छताचंही तेच. 1879 च्या आगीत मूळ छताचं नुकसान झालं. आज दिसतं ते त्याच धर्तीवर पुन्हा केलेलं. तुमच्या नियमाने तेही उतरवायचं का?

माझ्या मते या वास्तूचा जीव खांबांच्या दगडात नाही, मांडणीत आहे. वास्तुरचनाकार जॉर्ज डान्स (धाकटे) यांनी तीन बाजूंनी गॅलरी फिरवली आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठाकडे वळवल्या. हे मुळात उपदेश ऐकायचं घर. वर बसलेल्यालाही बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, शब्द कळला पाहिजे. ती मांडणी आजही शाबूत आहे. गॅलरीच्या कठड्यावर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते: ऑलिव्हची डहाळी घेतलेलं कबूतर आणि त्याच्याभोवती सापाचं वेटोळं. सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा, हे येशूचं वचन ज्यांना माहीत आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. साधेपणाच्या नावाखाली ही नक्षी कोणी खरवडा म्हणत नाही, हे नशीबच!

इंग्रज कलावंत आणि लेखक विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी 1877 मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती याच ‘मूळ रूप परत आणा’ खुळाविरुद्ध. मूळ रूपाच्या नावाखाली मध्यंतरीची शतकं पुसायची आणि रिकाम्या जागी अंदाजाने नवं काम करायचं, असा प्रकार तेव्हा चर्चमध्ये सर्रास चालला होता. त्यांचं म्हणणं सोपं होतं: दुरुस्ती करा, डागडुजी वेळेवर करा, बनाव नको.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. रंगीत काचांनी उजेड अडतो आणि हातातल्या पुस्तकातून गीतं गाणाऱ्या मंडळीला उजेड लागतोच. पण त्यावर उपाय काचा फोडणं नव्हे. काचांवरची काजळी स्वच्छ करून आतल्या दिव्यांची सोय सुधारता येते.

राहिला खर्चाचा मुद्दा. 1970 च्या दशकात ही इमारत धोकादायक झाली होती. ती सावरून 1978 मध्ये, बरोबर दोनशे वर्षांनी, राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत पुन्हा उघडली. तेव्हा पैसा इमारत उभी ठेवण्यावर लागला. तुमच्या योजनेत तो शाबूत खांब पाडून, गॅलरीला तात्पुरते टेकू देऊन, नव्या लाकडाच्या जुन्या दिसणाऱ्या डोलकाठ्या बसवण्यात जाईल. शिवाय वास्तू पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. मेथडिस्ट चर्चला सरकारी परवानगीतून काही सूट असली, तरी ती त्यांची स्वतःची तपासणीव्यवस्था आहे म्हणूनच. असा प्रस्ताव तिथे पहिल्याच बैठकीत बारगळेल.