अंगठीतून न जाणारी पश्मिना

थंडी पडली की ‘अस्सल पश्मिना अशी ओळखा’ हा मजकूर न चुकता फिरू लागतो. त्यात पाच कलमं असतात. शाल अंगठीतून आरपार गेली तरच खरी. दोरा जाळल्यावर केस जळल्याचा वास आला की खात्री पटली. भरतकाम जितकं एकसारखं तितकं उंची. शालीवर लोकरीचे बारीक गोळे आले तर फसलात. आणि ही लोकर जनावर मारून काढतात, म्हणून घेऊच नका. चार कलमांत खरेदी शिकवायची आणि पाचव्यात खरेदी बंद करायची, हा प्रकार अजबच.

पाचवं आधी घेऊ. पश्मिना लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांची. चांगपा पशुपालक त्यांना चार हजार मीटरच्याही वर सांभाळतात. हिवाळ्यासाठी अंगावर आलेली आतली मऊ लव ऊन वाढलं की आपोआप सुटू लागते, तेव्हा ती फणीने विंचरून काढतात. बकरी जिवंत राहते, पुढच्या वर्षी पुन्हा लव देते. मारलं जातं ते चिरू, म्हणजे तिबेटी कुरंग, आणि त्याच्या केसांची होते ती शाहतूश. चिरू रानटी, त्याला धरून कोण विंचरणार? शाहतूशचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1979 पासून बंद आहे आणि भारतात ती विकणं गुन्हा आहे.

अंगठीची गोष्टही मुळात शाहतूशचीच. ‘रिंग शाल’ म्हणत ते तिलाच. पातळ, साधी विणलेली पश्मिनाही अंगठीतून जाते, हे खरं. पण व्हिस्कोस या मानवनिर्मित धाग्याची पातळ ओढणीसुद्धा जाते की! आणि चारही बाजूंनी भरलेली सोझनीची, म्हणजे सुईच्या बारीक काश्मिरी भरतकामाची, शाल जाणार नाही, कारण तिच्यावर हजारो टाक्यांचा थर असतो. म्हणजे ही परीक्षा नकली मालाला पास करते आणि ज्या शालीवर कारागिराचं वर्ष गेलंय तिला नापास. वर अंगठीच्या कडेला टाके अडकून धागे निघतात ते वेगळंच. प्रदर्शनात कुणी भरलेली शाल अशी ओढायला लागलं की विक्रेत्याचा चेहरा बघा.

जाळण्याबद्दल फार बोलायला नको. केसांसारखा वास मेंढीच्या लोकरीलाही येतो आणि रेशमालाही. ॲक्रिलिक पकडलं जाईल, एवढाच उपयोग.

भरतकामाचं कलम मात्र सगळ्यात घातक आहे. सोझनीत नक्काश, म्हणजे नक्षी आखणारा, आधी लाकडी ठशांनी शालीवर नक्षी उमटवतो. मग सोझनीकार शाल मांडीवर घेऊन बसतो. चौकट नाही, ताणलेलं कापड नाही. सुई कापडाचे मोजकेच धागे उचलते, त्यामुळे रंग बहुतेक सगळा वरच्या अंगाला राहतो. शाल उलटी करा: मागे नक्षीची फिकट, तुटक छाया दिसते, कुठे बारीकशी गाठ, कुठे एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेला धागा. मशीनच्या कामात मागे दुसऱ्याच दोऱ्याची घट्ट, एकसुरी ओळ असते. (दोरुखा कामात दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण ती दुर्मीळ आणि महाग चीज.) पुढून बघितलं तरी एकाच शालीवरच्या दोन बदामी कोयऱ्या ताडून बघा. एकीचं टोक किंचित जास्त वळलेलं असतं, पाकळी अर्ध्या टाक्याने रुंद असते. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर मी हात आखडता घेईन.

गोळ्यांचं म्हणाल तर ते खऱ्या पश्मिनावरही येतात. तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आखूड. पर्सचा पट्टा घासतो तिथे, कोपराशी, गोळे धरणारच. त्यांना ओढू नका, अलगद कातरा. भरलेली शाल अंगावर घेताना कडं, घड्याळ आणि खड्यांच्या अंगठ्या सांभाळा. ब्रोच लावायचाच तर काम नसलेल्या जागी. आणि ती वापरा. कपाटात वर्षानुवर्षं दडपलेल्या शालीला कसर लागते. भोक पडलंच तर काश्मिरी रफूगर इतकं बारीक भरतो की जागा शोधावी लागते.

मग ओळखायचं कशावरून? काश्मीर पश्मिनाला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. श्रीनगरच्या केंद्रात शाल तपासून तिला लेबल लावतात, तेही तंतू 16 मायक्रॉनच्या आत, सूत हातचरख्यावरचं आणि विणकाम हातमागाचं असेल तरच. चरख्याची अट उगाच नाही. यंत्रावर हा नाजूक तंतू तुटतो म्हणून अनेकदा त्यात नायलॉन मिसळून सूत काढतात आणि विणून झाल्यावर आम्लात घालून ते नायलॉन विरघळवतात. त्यात पश्मिनाही कमकुवत होते. अशी शाल अंगठीतून मजेत जाईल, जाळल्यावर वासही बरोबर येईल. लेबल मात्र मिळणार नाही.