एकाच गाण्याचा बँड म्हणे!

आज संध्याकाळपासून डोकं फिरलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून बसलेय.

कोथरूडमधल्या एका कॅफेत गेले होते. कोपऱ्यात एक पोरगा गिटार घेऊन गात होता, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. स्वतःची गाणी, मराठीतली. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि मागच्या टेबलावरून ओरडा सुरू झाला, "ए, क्रीप वाजव, क्रीप!" पोरगा थांबला. स्वतःचं गाणं तिथंच सोडून क्रीप वाजवायला लागला. क्रीप म्हणजे रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचं गाजलेलं गाणं. लगेच सगळ्यांचे मोबाईल वर. गाणं संपल्यावर त्या टेबलावरचे एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, बायकोला सांगतात, "रेडिओहेडचं एवढंच. एकाच गाण्याचा बँड. आता परत आलेत म्हणे, पैसे संपले असतील."

मी गप्प बसले. बोलायला हवं होतं.

अहो, ते गाणं १९९२ चं. पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांच्याच देशात कुणी विचारलं नाही. बीबीसीच्या रेडिओ वनला ते फारच उदास वाटलं. आधी इस्रायलमध्ये गाजलं, मग अमेरिकेत, आणि मग वरात घरी आली. त्यात गिटारचे ते खरखरीत तडाखे येतात ना, ते बँडचा गिटारवाला जॉनी ग्रीनवुड याने मारले, कारण त्याला गाणं फार मिळमिळीत वाटत होतं. म्हणजे ज्या गाण्यावरून तुम्ही यांना मोजता, ते बँडमधल्याच माणसाच्या गळी उतरत नव्हतं!

मला रेडिओहेड कसा भेटला ते सांगते.

२००१ ची दिवाळी. हॉस्टेलवरून सांगलीला घरी आले होते. मैत्रिणीने सीडीवरून रेडिओहेडचा 'किड ए' हा अल्बम कॅसेटवर भरून दिला होता. खरं सांगायचं तर मी चिडले होते. त्यांच्या आधीच्या 'ओके कम्प्युटर'ची पारायणं केलेली मी, आणि याच्या पहिल्या गाण्यात गिटारच नाही! कॅसेट टेपच्या शेजारी टाकून दिली. नानांना वाटलं कोरी आहे. त्यांनी तिच्या बी साइडवर आकाशवाणी सांगलीचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम भरून घेतला. वीसेक मिनिटांचा.

नाना शाळेत गणित शिकवायचे आणि हौशी नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपला कार्यक्रम ऐकत बसले होते. कार्यक्रम संपला, टेप कुणी बंद केला नाही, आणि पुसलं न गेलेलं शेवटचं गाणं सुरू झालं. मी स्वयंपाकघरात चकल्या डब्यात भरत होते. आतून हाक आली, "अगं, ही पायपेटी कोण वाजवतंय?"

मी म्हटलं, "नाना, इंग्रजी बँड आहे तो, त्यात कुठली पायपेटी?"

"ऐक की. भात्याचा श्वास ऐकू येतोय. पाय कच्चा आहे त्याचा, पण घाई नाही."

आणि खरंच पायपेटी होती ती! बँडचा गायक थॉम यॉर्क याने ते गाणं पायाने भाता मारायच्या पेटीवर वाजवलंय. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. नानांना पहिल्या मिनिटात कळलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते गाणं क्रीपच्याही आधी लिहिलेलं. म्हणजे दहाएक वर्षं हातात गाणं आहे, गाजलेलं नाव आहे, कंपनी मागे लागलीय की क्रीपसारखं अजून एक द्या, आणि हा माणूस थांबतो. त्या गाण्याला गिटार नको, पेटी हवी, हे कळेपर्यंत थांबतो. मग २००० साली असा अल्बम काढतात की त्यातलं एकही गाणं सिंगल म्हणून बाजारात सोडत नाहीत, नेहमीसारखे व्हिडिओ करत नाहीत, आणि तरी तो इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरावर जातो. एकाच गाण्याचा बँड म्हणे!

हे पाचही जण ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या एकाच शाळेतले. १९८५ पासून एकत्र. शुक्रवारी शाळेच्या संगीताच्या खोलीत तालीम, म्हणून नाव 'ऑन अ फ्रायडे'. १९९१ ला कंपनीशी करार झाल्यावर रेडिओहेड. मी नानांना हे सांगितलं तेव्हा त्यांना पेटीपेक्षा त्याचंच नवल वाटलं. "पाच जण, आणि मंडळी फुटली नाही?" नाटकवाला माणूस. १९१३ ला बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले ते घरातलं भांडण असल्यासारखं सांगायचे. आज हे लिहिताना हिशेब करतेय, चाळीस वर्षं झाली, अजून तेच पाच जण आहेत.

आणि पैशाचं म्हणाल तर २००७ आठवा. कंपनीचा करार संपलेला. 'इन रेनबोज' हा नवा अल्बम दहा दिवस आधी जाहीर करून थेट इंटरनेटवर ठेवला आणि सांगितलं, किंमत तुम्हीच ठरवा. शून्य टाकलं तरी चालेल. पैशाला हपापलेली माणसं असं करतात? नानांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे कीर्तनासारखंच की. ऐकून झाल्यावर ताटात टाकायचं." तिथे ऐकायच्या आधी टाकायचं होतं, पण मी नानांना दुरुस्त केलं नाही.

हो, २०११ चा अल्बम मलाही अजून पुरता पचलेला नाही. हो, २०१७ ला पॅलेस्टिनींच्या बाजूने इतके जण इस्रायलला जाऊ नका म्हणत असताना तेल अवीवला जाऊन कार्यक्रम केला, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही नाही. बास, यापुढे त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही.

२०१२ चं टोरंटो त्या गृहस्थांना माहीत असेल का? कार्यक्रमाच्या आधी स्टेजचं छत कोसळलं आणि त्यांचे ड्रम लावणारा तंत्रज्ञ गेला. तेहेतीस वर्षांचा. खटला इतका रखडला की उशीर झाला म्हणून बारगळला. २०१८ ला बँड त्याच शहरात परत गेला, तेव्हा यॉर्कने स्टेजवरून सगळ्यांसमोर सांगितलं की जबाबदार माणसांना अजून कुणी जाब विचारलेला नाही. मग सगळे गप्प उभे राहिले. पुढे सात वर्षं कार्यक्रम नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात माद्रिदला परत उभे राहिले. तुम्ही खुशाल म्हणा पैसे संपले.

जाऊ दे. चिडून चिडून थकले.

नाना २०१४ ला गेले. दोन वर्षांनी रेडिओहेडचा 'अ मून शेप्ड पूल' हा अल्बम आला. त्यातलं शेवटचं गाणं १९९५ पासून मैफिलींत गायलं जात होतं, गिटारवर. लोक मागत होते, पण बँड ते स्टुडिओत रेकॉर्ड करून काही देत नव्हता. एकवीस वर्षांनी दिलं, आणि त्यात गिटार नाही, पियानो. मी ते पहिल्यांदा बसमध्ये ऐकलं, कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे, आणि मनात आलं की आत्ता नानांना फोन लावावा. नंबर अजून मोबाईलमध्ये होता.

तो कॅफेतला पोरगा गाण्यात 'वळचण' म्हणाला होता. आजकाल हा शब्द कोण वापरतं? पुढची ओळ काय होती कुणास ठाऊक, क्रीप मागणाऱ्यांनी येऊ दिली नाही. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. पुढच्याच टेबलावर बसेन.

एक काम आहे, ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा. नानांचा ऑर्गन सांगलीच्या घरी चादरीखाली पडून आहे. उजवा पाय मारला की भात्यातून हवा निसटते आणि खालचे दोन सूर लागतच नाहीत. मिरजेत सतार-तंबोरे करणारे पुष्कळ आहेत, पण जुना ऑर्गन उघडून भाता बसवून देणारं कुणी आहे का?